चीक : नवजाताचा पहिला हक्क



नवजात बालकाचे आईवडिलांवर कोणते हक्क आहेत, असे विचारले तर आपण सहज सांगतो : कानात अज़ान द्यावी, चांगले नाव ठेवावे, सातव्या दिवशी अकीका करावा. ही उत्तरे बरोबर आहेत. परंतु आपण कोकणातले मुसलमान ज्या शाफई मस्लकाचे अनुयायी आहोत, त्या मस्लकाच्या विद्वानांनी आणखी एका हक्काची नोंद केली आहे आणि ती आपल्या घरांत क्वचितच ऐकू येते. इमाम नववी (रह.) यांचे निधन हिजरी सन 676 मध्ये झाले. त्यांचा ‘मिन्हाजुत्तालिबीन’ हा शाफई फिक्हचा प्रमाणग्रंथ. त्यातील निर्वाहखर्चाच्या प्रकरणात त्यांनी मोजक्या शब्दांत असा दंडक घातला आहे की, बाळंतपणानंतरचे अगदी पहिले दूध बाळाला पाजणे आईवर बंधनकारक आहे. अरबीत त्या दुधाला ‘लिबा’ म्हणतात. आपण त्याला चीक म्हणतो.

या दंडकाची खोली त्याच्या पुढच्या भागात कळते. चिकानंतरच्या दुधाविषयी तेच विद्वान बरीच मोकळीक देतात. दुसरी पाजणारी उपलब्ध असेल तर आईवर सक्ती करता येत नाही, असे ते म्हणतात. सवलत नाही ती फक्त चिकाच्या बाबतीत. टीकाकारांनी त्याचे कारण दिले आहे : मूल सामान्यतः चिकावाचून तगत नाही. हे पाजणे किती दिवस चालावे, याविषयी कोणी तीन दिवस म्हणाले, कोणी सात. काहींनी तो निर्णय जाणकारांच्या अनुभवावर सोपवला. त्याहून विलक्षण गोष्ट शिक्षांच्या प्रकरणात आहे. देहदंडास पात्र ठरलेली स्त्री गरोदर असेल तर प्रसूतीपर्यंत शिक्षा थांबते. एवढेच नव्हे, बाळाला चीक पाजून होईपर्यंत आणि ते दुसऱ्या कुणाच्या दुधावर निभावू शकेल अशी स्थिती येईपर्यंत ती थांबूनच राहते. त्या काळी सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते, रोगप्रतिकारक द्रव्यांची नावे कुणाला ठाऊक नव्हती. तरीही या चार थेंबांसाठी न्यायाला थांबायला लावणारे धर्मशास्त्र आपल्या हाती आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या सावलीत वसलेल्या अंजनवेलमध्ये काय किंवा पलीकडच्या दाभोळात काय, गाय व्याली की तिच्या चिकाचे काय होते हे कुणाला सांगायला नको. गूळ, वेलची, जायफळ घालून खरवस होतो, वड्या पडतात, शेजारीपाजारी वाटल्या जातात. त्यात गैर काही नाही, वासराचा वाटा त्याला मिळाला असेल तर. कारण त्याच ‘मिन्हाज’मध्ये, त्याच निर्वाहखर्चाच्या प्रकरणाच्या अखेरीस, पिलाला अपाय होईल इतके जनावराचे दूध काढू नये असेही बजावले आहे. जनावराच्या चिकाचे असे कौतुक करणाऱ्या आपल्या समाजात माणसाच्या चिकाची मात्र पिढ्यान्‌पिढ्या हेळसांड झाली. तो पिवळट, चिकट असतो, नऊ महिने साचलेला असतो, म्हणून तो ‘खराब’, असे ठरवून तो पिळून टाकण्याची चाल देशात अनेक ठिकाणी होती. कोकण तिला अपवाद नव्हते. बाळाला त्याऐवजी मध, गुळाचे पाणी, घुटी दिली जाई. सन 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जन्मापासून तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण 41.8 टक्के इतकेच आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक बालकांच्या या हक्काला आजही उशीर होतो.

काही घरांत या उशिराला तहनीकचा आधार दिला जातो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. हजरत अस्मा (रजि.) यांचे पुत्र अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) जन्मले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खजूर चावून मऊ केला आणि तो बाळाच्या टाळूला लावला. ही सुन्नत आहे व तिचे महत्त्व मान्यच आहे. पण ती टाळूला लावायच्या कणभर गोडव्याची सुन्नत आहे. पोट भरण्याची नाही आणि आईचे दूध रोखण्याची तर मुळीच नाही. मधाविषयी डॉक्टर एक वर्षापर्यंत सक्त मनाई करतात. त्यातल्या विशिष्ट जंतूंमुळे तान्ह्या बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो. तेव्हा मऊ खजुराचे बोट स्वच्छ हाताने लावावे आणि बाळ आईच्या कुशीत द्यावे.

इथवर प्रश्न सोपा होता. अवघड प्रश्न आपल्या काळाने उभा केला आहे. त्याच पाहणीनुसार देशातील 21.5 टक्के प्रसूती आता शस्त्रक्रियेने होतात. खासगी रुग्णालयांत तर हे प्रमाण 47.4 टक्के आहे. त्यांतल्या बऱ्याच शस्त्रक्रिया आधी तारीख ठरवून होतात. अशा वेळी आई शस्त्रक्रियागृहात असते आणि बाळ बाहेर. बाळाची साखर उतरली किंवा श्वासाचा त्रास झाला तर ते नवजात कक्षातल्या काचेच्या पेटीत जाते. कळा न येता झालेल्या प्रसूतीत दूध भरून यायलाही पुष्कळदा एखाददुसरा दिवस अधिक लागतो. आईला मधुमेह असेल तर आणखी. बाळ रडू लागले की बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांतून कुणीतरी डब्याची पावडर आणायला धावतो. बहुतेक घरांत हा निर्णय पाच मिनिटांत आणि आईला न विचारता होतो.

यावर अलीकडे एक उपाय सुचवला जातो. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन-चार आठवड्यांत आईने हाताने थोडा थोडा चीक काढायचा, निर्जंतुक सिरिंजमध्ये भरायचा, गोठवायचा आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी सोबत न्यायचा. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण चीक प्रसूतीनंतर अचानक तयार होत नाही. गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तनांत तो तयार होत असतो. भीती होती ती अशी की, यामुळे कळा लवकर सुरू होतील. ऑस्ट्रेलियात मधुमेह असलेल्या, परंतु अन्यथा धोका नसलेल्या 635 गरोदर स्त्रियांवर हे तपासले गेले आणि 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. छत्तिसाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, दहा मिनिटांपर्यंत चीक काढणाऱ्या स्त्रियांच्या बाळांना नवजात कक्षात ठेवण्याची वेळ इतरांपेक्षा अधिक आली नाही. मात्र हा निष्कर्ष सर्वांना सरसकट लावता येत नाही. पूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली, रक्तस्राव होत असलेली, वार खाली असलेली, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेली किंवा जुळी असलेली स्त्री यांनी या वाटेला जाऊ नये. इतरांनीही तपासणाऱ्या डॉक्टरांची संमती घेतल्याविना जाऊ नये.

आता नैतिक प्रश्नाकडे येतो. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा पहिला आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे : बाळ अजून जगात आले नाही आणि तुम्ही त्याचे दूध साठवता? हा अल्लाहवरचा अविश्वास नव्हे काय? रोज़ी देणारा तो आहे. या आक्षेपाला हसण्यावारी नेऊ नये. त्यामागे श्रद्धा आहे, आणि पोटातल्या जिवाविषयीचे भयही आहे. पण दिव्य कुरआन आपल्याला तवक्कुलचा जो अर्थ शिकवतो तो वेगळा आहे. सूरह अल-कसस उघडून हजरत मूसा (अ.) यांच्या मातेचा प्रसंग पाहा (28 : 7-13). अल्लाहने त्या मातेच्या मनात जे घातले त्यातली पहिली गोष्ट म्हणजे बाळाला दूध पाजणे. नदीत सोडण्याची आज्ञा त्यानंतरची, आणि तीही धोका वाटला तर. बाळ तुझ्याकडे परत आणू, असे प्रत्यक्ष अल्लाहचे वचन तिला मिळाले होते. तरीही तिने मुलीला किनाऱ्याने पाठवले : त्याच्या मागावर राहा. पुढे दरबारात त्या बाळाने कुणाही दाईचे दूध घेतले नाही, आणि बहिणीने योग्य क्षणी योग्य शब्द उच्चारले म्हणून बाळ पुन्हा आईच्या पदराखाली आले. ज्या मातेला वचन मिळाले होते तिने तजवीज सोडली नाही. मग ज्यांना असे वचन नाही त्यांनी ती का सोडावी? हजरत मरियम (अ.) यांनाही प्रसववेदनेत खजुराचे खोड हलवायला सांगितले गेले (19 : 25). खजूर अल्लाहच पाडणार होता, तरी हात त्यांना लावायला लावला.

दुसरा आक्षेप अपशकुनाचा. आधी दूध काढले तर बाळावर संकट येते, असे म्हणतात. इस्लाममध्ये अपशकुनाला स्थान नाही. त्यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे आणि तो कुणी उघडपणे घेत नाही. चीक हा बाळाचा हक्क आणि तो देणे आईवर बंधनकारक, असे एकदा मांडले की हाच दंडक स्त्रीच्या पाठीवर मारायची छडी होतो. ‘शास्त्रात लिहिले आहे, तू का काढला नाहीस?’ असे नऊ महिने वाकलेल्या, शस्त्रक्रियेच्या भीतीने झोप उडालेल्या मुलीला विचारणारे लोक आपल्यात कमी नाहीत. म्हणून सीमारेषा स्पष्ट हवी. फतवा देणे हे आलिमांचे काम आहे. माझी समजूत इतकीच आहे : विद्वानांनी सांगितलेले बंधन बाळ जन्मल्यावरचे आहे, आणि अल्लाह कुणावरही त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकत नाही (2 : 286). शस्त्रक्रियेच्या मेजावर असलेल्या आईवर त्या तासाचा भार नाही. आधी चीक काढून ठेवणे हे तिचे औदार्य आहे, दूरदृष्टी आहे. ते कर्ज म्हणून वसूल करण्याचा अधिकार ना नवऱ्याला, ना सासूला. सूरह अल-बकराची 233 वी आयत स्तनपानाची दोन वर्षे सांगते, तशीच आईला तिच्या मुलामुळे त्रास दिला जाऊ नये असेही सांगते. पहिला भाग आपल्याकडे जुम्याच्या बयानात येतो. दुसरा भाग फारसा येत नाही.

याच आयतीत दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे. शाफई विद्वान तर याही पुढे जातात. चीक पाजणे बंधनकारक असूनही त्याबद्दल मोबदला मागण्याचा आईचा अधिकार ते मान्य करतात. आपल्या कानांना हे कठोर वाटेल. त्यामागचा विचार मला फार सुंदर वाटतो : बाळाचा हक्क आईच्या देहातून पुरा होतो, म्हणून त्याचा खर्च एकट्या आईने सोसायचा नाही. आता हा विचार आजच्या प्रसंगाला लावून पाहा. काढून ठेवलेला चीक सिरिंजमध्ये आपोआप बाळापर्यंत चालत जात नाही. आई आत असताना तो बाळाच्या ओठांपर्यंत नेणारे हात दुसऱ्यांचेच असणार. म्हणजे ज्या घटकेला आईचे बंधन स्थगित होते, त्या घटकेला भोवती उभे असलेल्यांचे काम सुरू होते. आपल्या गावांतले कितीतरी तरुण आखातात किंवा जहाजावर आहेत. बाळंतपणाच्या तारखेला ते हजर असतीलच असे नाही. पण डॉक्टरांशी आधी बोलणे, शस्त्रक्रियेनंतर लवकरात लवकर बाळ आईच्या छातीशी द्यावे अशी विनंती करणे, घरच्यांना पावडरीच्या डब्यापासून रोखणे हे फोनवरूनही जमते.

पद्धत थोडक्यात सांगतो. कोमट पाण्याच्या फडक्याने स्तन शेकावा. हात साबणाने धुवावेत. अंगठा व बोटे काळसर वर्तुळाच्या थोडी मागे ठेवून आधी छातीकडे दाबावीत, मग एकमेकांकडे आणावीत, मग सोडावीत. बोंड ओढू नये. थेंब स्वच्छ चमच्यात घेऊन सुई नसलेल्या एक-दोन मिलिलिटरच्या सिरिंजने ओढावेत, टोपण लावावे. पोटात कळा आल्यासारखे वाटले तर थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे. एका दिवसाचा चीक एका सिरिंजमध्ये जमवून रात्री गोठवता येतो. नुसत्या फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत, बाहेर ठेवल्यास चार तासांपर्यंत. गोठवलेला एकदा वितळला की चोवीस तासांत वापरावा, पुन्हा गोठवू नये. वितळवायला कोमट पाणी पुरते, उकळते नको. अंजनवेलच्या माणसाला मात्र एक सूचना वेगळी द्यावी लागते. गावाच्या हद्दीत एवढा मोठा वीजप्रकल्प असला तरी कोकणातल्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. तेव्हा फ्रीजर उघडझाप न करता बंद ठेवावा, सिरिंज आतल्या बाजूला बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवाव्यात, आणि चिपळूण-रत्नागिरीला निघताना मासे न्यायच्या पेटीत नव्हे, स्वच्छ वेगळ्या पेटीत भरपूर बर्फ घालून न्याव्यात.

काहींच्या मनात तहारतची शंका असते, म्हणून तीही दूर करतो. शाफई मस्लकात मानवी दूध पाक आहे. कपड्याला लागले म्हणून नमाज़ अडत नाही, आणि ते अंगातून आल्याने वुजूही तुटत नाही.

प्रत्येक सिरिंजवर आईचे नाव, तारीख आणि वेळ लिहिण्याचा आग्रह मी का धरतो, ते सांगितले पाहिजे. डॉक्टर तो स्वच्छतेसाठी आणि सुरक्षिततेसाठी धरतात. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. दिव्य कुरआनने दूधआई व दूधबहीण यांना विवाहास निषिद्ध नात्यांत गणले आहे (4 : 23). शाफई मतानुसार दोन वर्षांच्या आतील बालकाने पाच वेगवेगळ्या वेळा एखाद्या स्त्रीचे दूध घेतले की हे नाते जुळते. हनफी मतानुसार थोडेसे दूधही पुरते. स्तनाला तोंड लावले पाहिजे अशी अट नाही. इमाम नववींनी काढून ठेवलेल्या दुधाचा स्वतंत्र विचार केला आहे : एकदाच काढलेले दूध पाच वेळा पाजले तरी ते एकदाच पाजले असे धरावे, हे त्यांचे मत. सातशे वर्षांपूर्वी या माणसाने वाटीतल्या दुधाचा हिशेब मांडून ठेवला होता, याचे मला दर वेळी नवल वाटते. नवजात कक्षात चार बाळे शेजारी असताना बिननावाची सिरिंज भलत्या बाळाच्या तोंडात गेली, तर एखाद्या वेळच्या चुकीने शाफई मतानुसार नाते जुळणार नाही. पण शंका मात्र दोन कुटुंबांच्या मनात वीस वर्षे राहील.

दूधपेढीचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी मुंबईतच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या कितीतरी बाळांना अशा पेढ्यांनी आधार दिला आहे. त्याआधी चार वर्षे, 1985 साली, जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मुस्लिम जगात अशा पेढ्या उभारू नयेत असा ठराव केला होता. अनेक मातांचे दूध मिसळले की दूधनाती कळेनाशी होतात, ही त्यामागची चिंता. यूसुफ अल-करज़ावी यांच्यासारख्या विद्वानांनी मात्र अशा दुधाने नाते जुळत नाही असे मत देऊन त्यांना परवानगी दिली. बाळाचा जीव धोक्यात असेल तर पालकांनी या मतभेदात अडकून न पडता आलिमांना आणि डॉक्टरांना एकत्र विचारावे. परंतु ज्या आईने स्वतःचाच चीक स्वतःच्या बाळासाठी ठेवला आहे, तिला सहसा हा पेच पडत नाही. तिने ठेवलेले ते दोन-चार मिलिलिटर थोडे वाटतील, पण पहिल्या दिवशी बाळाच्या जठराची क्षमताच इतकी लहान असते की एका वेळी तेवढे त्याला पुरते.

आणि जिच्या अंगातून आठवडाभर प्रयत्न करूनही थेंब आला नाही, तिच्याविषयी. अशा स्त्रिया पुष्कळ असतात. प्रसूतीपूर्वी चीक न येणे म्हणजे पुढे दूध येणार नाही, असे मुळीच नाही. तिने प्रयत्न सोडून द्यावा आणि मैत्रिणींनी फोनवर दाखवलेल्या भरलेल्या सिरिंजांकडे पाहू नये. सिझेरियनमध्ये भूल बहुधा कमरेखालची असते. आई शुद्धीवर असते, हात मोकळे असतात. टाके घालून बाहेर आणल्यावर, शक्यतो पहिल्या तासातच, बाळ तिच्या उघड्या छातीवर द्यायला सांगावे. ती पाठीवर असेल तर बाळ आडवे, खांद्याच्या बाजूने धरावे, म्हणजे टाक्यांवर पाय येत नाहीत. धरायला शेजारी एक माणूस लागतो. आई, सासू, नणंद, जी कुणी थंड हाताची आणि शांत बोलणारी असेल, तिला त्या खोलीत आत राहू द्यावे यासाठी रुग्णालयाशी आधीच बोलून ठेवावे.